मुंबईत उतरायचं कुठं? आधी फाइलवरचा पत्ता बघा

लातूरहून तुम्ही सहा जण येताय. तुम्ही दोघं, दहा आणि सहा वर्षांची मुलं, आणि आई-बाबा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, चार दिवसांसाठी. बाबांची टाटा कर्करोग रुग्णालयात फेरतपासणी आहे, आईचे गुडघे दुखतात, मुलांना गेटवे आणि राणीची बाग बघायचीय, एक दिवस डोंबिवलीला मावशीकडे जायचंय. ऑफिसातले मित्र म्हणतात अंधेरीला उतरा, सगळ्याला मधोमध पडतं. मोबाइलवर वाशी आणि मीरा रोडला निम्म्या भावात खोल्या दिसतायत. मावशी म्हणते, घर असताना लॉज कशाला? यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

बाहेरगावहून येणाऱ्या माणसांची मुंबईत राहायची सोय लावणं हेच काम मी गेली बावीस वर्षं दादरमध्ये बसून करतोय. त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि कारणं मग. पहिल्या तीन रात्री दादर पूर्वेला राहा, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत. चौथा दिवस मावशीला द्या.

पण खोली ठरवण्याआधी एक काम करा. बाबांची फाइल काढा आणि तपासणीचा पत्ता नीट वाचा. टाटा म्हटलं की परळच डोळ्यांसमोर येतं. पण टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे, आणि पुष्कळ पेशंटना तिकडे बोलावतात. परळ मध्य रेल्वेवर, खारघर हार्बर मार्गावर, खाडीपलीकडे. चुकीच्या ठिकाणी सकाळी पोचलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथून दुसरीकडे जाईपर्यंत नंबर तर जातोच, पेशंटचीही दमछाक होते. पत्ता खारघरचा असेल तर पुढचं सगळं विसरा, त्या एका रात्रीपुरती वाशी, बेलापूर किंवा खारघरलाच खोली घ्या. पत्ता परळचा आहे असं धरून पुढे लिहितो.

बाहेरून येणारा माणूस मुंबईचा नकाशा बघतो तो गावाचा नकाशा बघावा तसा. मधला ठिपका शोधायचा, तिथे राहायचं, मग सगळीकडे सारखंच अंतर. मुंबईत असं चालत नाही, कारण हे शहर दक्षिणोत्तर लांबट आहे आणि ते चालतं रुळांवर. एक रूळ चर्चगेटहून दादर, अंधेरी, बोरिवली करत विरारकडे जातो. दुसरा सीएसएमटीहून दादर, कुर्ला, ठाणे करत कल्याणकडे. तिसरा हार्बरचा, वाशीवरून पनवेलला. यातल्या कुठल्या रुळावर तुम्ही राहता आणि कुठल्या वेळी कुठल्या दिशेनं निघता, यावर तुमचा दिवस ठरतो. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई दक्षिणेकडे सरकते, संध्याकाळी साडेपाचपासून रात्री नऊपर्यंत उत्तरेकडे परतते. त्या लोंढ्याच्या दिशेनं आई-बाबा आणि सहा वर्षांचं लेकरू घेऊन जायचं म्हणजे शिक्षाच. उलट दिशेला त्याच वेळी बसायला जागा मिळते.

हे मला नीट कळलं ते माझ्याच चुकीनं. धंद्यात नवा होतो तेव्हा परभणीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. फोर्टातल्या एका कॉलेजात तिच्या प्रवेशाची मुलाखत होती. मी त्यांना अंधेरीला खोली घेऊन दिली. चांगली खोली होती, स्वस्तात मिळाली होती, आणि नकाशावर अंधेरी मधोमधच दिसत होती. सकाळी पावणेनऊला ती दोघं फलाटावर उभी राहिली. दोन लोकल डोळ्यांसमोरून गेल्या, पाय ठेवता आला नाही. तिसरीत मुलगी चढली आणि वडील खाली राहिले. तेव्हा तिच्याजवळ मोबाइल नव्हता. चर्चगेटला ती तासभर एका जागी उभी राहिली, वडील येईपर्यंत. मुलाखत झाली, पण ती आत गेली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी. अंधेरी ते चर्चगेट फक्त बावीस किलोमीटर आहे. त्या दिवसापासून मी कुणालाही पहिला प्रश्न बजेटचा विचारत नाही. सकाळी किती वाजता, कुठल्या दारात उभं राहायचंय, हे विचारतो.

तुमच्या चार दिवसांत वेळेला बांधलेलं काम एकच आहे, बाबांची तपासणी. बाकी सगळं अकरानंतर निघून करता येतं. म्हणून राहायची जागा त्या एका सकाळीवरून ठरवायची. दादरहून परळ हे धीम्या गाडीचं पुढचंच स्टेशन. लोकल नको असेल तर दादर पूर्वेहून टॅक्सीनं सकाळी सातच्या सुमाराला निघालात तर दहा-पंधरा मिनिटांत रुग्णालयाच्या दारात. बाबांना उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल, तर त्यानंतर त्यांना खोलीवर आणून थोडं झोपवता येतं आणि दुपारी डॉक्टरांना भेटायला परत नेता येतं. रुग्णालयाच्या बाकड्यावर सहा तास बसणं आणि मध्ये दोन तास स्वतःच्या खाटेवर पडणं यात वयस्क माणसासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाशी किंवा मीरा रोडला राहून हे जमणार नाही. माझा दादरचा आग्रह मुख्यतः याच्यासाठी आहे.

आता पूर्व की पश्चिम? मुंबईत हा प्रश्न भागाच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. स्टेशनच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायचं म्हणजे पुलाचे जिने चढायचे-उतरायचे, नाहीतर गाडीनं वळसा घालायचा. टाटा रुग्णालय रुळांच्या पूर्वेला आहे. त्यातच एल्फिन्स्टनचा जुना पूल २०२५च्या सप्टेंबरमध्ये पाडण्यासाठी बंद झाला. त्यामुळे प्रभादेवीकडून परळला गाडीनं यायचं तर दादरच्या टिळक पुलावरून किंवा करी रोडकडून फिरून यावं लागतं आणि सकाळी तिथे कोंडी होते. तुमच्या बाबतीत पूर्वच बरी. दादर टीटी, हिंदू कॉलनी, पुढे माटुंग्यापर्यंतचा पट्टा बघा. हिंदू कॉलनीतल्या गल्ल्या झाडांच्या आहेत, संध्याकाळी आई-बाबांना पाय मोकळे करता येतात. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास उडप्यांची जुनी खाणावळवजा हॉटेलं आहेत. आजारी माणसाच्या पोटाला इडली आणि रसम-भात सोसतो, तो तिथे ताजा मिळतो.

पश्चिमेला राहण्याचं सुख वेगळं. शिवाजी पार्क, चैत्यभूमी, प्रभादेवीचा सिद्धिविनायक, रानडे रोडची खरेदी, शिवाजी मंदिरात रात्रीचा नाटकाचा प्रयोग, आस्वाद नाहीतर मामा काणेंकडे खाणं. नुसतं फिरायला येणाऱ्या मराठी कुटुंबाला मी डोळे मिटून पश्चिम सांगतो. मात्र स्टेशनला चिकटून असलेल्या फूलबाजाराच्या बाजूला खोली घेऊ नका. तो बाजार पहाटे उजाडायच्या आधीच भरतो, झोप लागत नाही.

तुमच्या तारखांबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो माणसं चैत्यभूमीला येतात, आणि दोन-तीन दिवस आधीपासूनच दादर भरून जातं. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, लॉजमध्ये जागा नसते. अभिवादनालाच येणार असाल तर आत्ताच खोली धरून ठेवा. टाटाची तारीख त्या दिवसांत पडत असेल तर माटुंगा, शीव किंवा परळ-भोईवाडा बघा, किंवा तपासणीची तारीख ८-१० डिसेंबरकडे मिळते का ते विचारा.

वाशीचं गणित आता मांडून बघू. वाशीहून परळला यायचं म्हणजे हार्बरनं कुर्ला, तिथे जिने चढून गाडी बदलायची, मग धीम्या गाडीनं परळ. तेही सकाळच्या गर्दीच्या दिशेनं. आईच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही, म्हणून तुम्ही टॅक्सी करणार. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार माणसं बसतात आणि तुम्ही सहा आहात. म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्सी, किंवा मोठी गाडी बोलवायची, जाऊन-येऊन, रोज. खोलीत वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत संपतात. मीरा रोडला हेच, वर आणखी एक अडचण अशी की विरारहून येणारी गाडी तिथे येईस्तोवर भरलेली असते. रिक्षाच्या भरवशावरही राहू नका. वांद्रे आणि शीवच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, रिक्षाला परवानगीच नाही. दादरला रिक्षा दिसणार नाही, टॅक्सी आणि बेस्टची बस.

आईसाठी एक चांगली बातमी आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं. ती दादर पश्चिमेहून जाते, आणि सिद्धिविनायक, मुंबई सेंट्रल, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, विधान भवन ही सगळी तिची स्थानकं आहेत. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, वातानुकूलित डबा आहे. लोकलचे पूल चढवून आईला गेटवेला नेण्यापेक्षा दादरच्या मेट्रोपर्यंत टॅक्सीनं सोडा, हुतात्मा चौकाला उतरा, तिथून गेटवेपर्यंत पुन्हा टॅक्सी. फोर्टातल्या दगडी इमारती वाटेत आपोआप बघून होतात. लोकलनं जायचंच असेल तर एक खूण ध्यानात ठेवा. दादरचे १ ते ७ फलाट पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता आणि पाहुण्यांची ताटातूट व्हायची. डिसेंबर २०२३ पासून आकडे सलग केले, ते फार बरं झालं.

दिवसांची मांडणी करताना सुटीचे वार बघा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. घारापुरीला बोटीनं तासभर जातो आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, आईला नेऊ नका. मुलं आणि तुम्ही दोघं जाऊन या, त्या दिवशी आई-बाबा दादरला आराम करतील. हे सुद्धा दादरला राहिल्यामुळेच शक्य होतं. लांब राहिलेलं कुटुंब दुपारी परत येऊ शकत नाही, म्हणून दमलेल्या म्हाताऱ्यांनाही दिवसभर सोबत ओढत नेतं. राणीची बाग भायखळ्याला, दादरहून मध्य रेल्वेनं काही मिनिटांवर. तिथे सकाळी गर्दीच्या वेळी जाऊ नका, अकरानंतर निघा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात, तेव्हा आदल्या दिवशी वर्तमानपत्रात बघून घ्या.

असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या इतरांसाठी बाकीच्या भागांबद्दल भराभर सांगतो. काम मंत्रालयात, हायकोर्टात किंवा फोर्टातल्या कार्यालयात असेल तर फोर्ट, सीएसएमटी किंवा चर्चगेटजवळच राहा, भाव थोडा जास्त पडला तरी. फोर्ट रविवारी आणि रात्री ओस पडतं, जेवणाची सोय आधी बघून ठेवा. कुलाबा देखणा, पण खोल्या लहान आणि महाग. गिरगाव माझ्या जिवाचा भाग, लॉज मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात असते, त्यासाठी वांद्रे पूर्व, कुर्ला किंवा सांताक्रूझ पूर्व बघा. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, खोली जवळ असली की मोबाइल तिथेच ठेवून जाता येतं. आयआयटीतली परीक्षा असेल तर पवई, नाहीतर कांजूरमार्ग. पहाटेचं विमान असेल तरच अंधेरी पूर्व किंवा मरोळ. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय, तेव्हा तिकिटावर कुठला विमानतळ लिहिलाय ते वाचा. पावसाळ्यात येणाऱ्यांनी हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं लक्षात ठेवावीत. जोराचा पाऊस झाला की पाणी पहिल्यांदा तिथे भरतं. जून ते सप्टेंबरमध्ये मी हिंदमात्याच्या खोलगट भागात कुणालाही तळमजल्याची खोली देत नाही.

टाटात ज्यांना महिना-दोन महिने उपचारासाठी राहायचंय त्यांनी लॉजचा विचारच करू नये. दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, लहान मुलांच्या कर्करोगासाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. अशा जागा रुग्णालयाच्या चिठ्ठीवर मिळतात, त्यासाठी टाटातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन बसा. संकोच करू नका, ती माणसं त्याच कामासाठी आहेत. तुमच्या तीनच रात्री आहेत आणि मुलं सोबत आहेत, त्या जागा जास्त गरजूंना राहू द्या.

खोली ठरवताना फोटोवर जाऊ नका, फोन करा. मी स्वतः विचारतो ते प्रश्न असे. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्यापासूनच सुरू होते की मजलाभर जिना चढून? दादरच्या जुन्या इमारतींत हा जिना नेमका नडतो. खिडकी बाहेर उघडते की आतल्या डक्टमध्ये? गरम पाणी दिवसभर की सकाळी ठरावीक वेळ? जादा गादीचे किती? कमोड आहे ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चोवीस तासांचा हिशेब आहे की दुपारी बाराला खोली सोडायची? लातूरची गाडी तुम्हाला सकाळी दादरला उतरवणार. दुपारी बारानंतरच खोली देणाऱ्या ठिकाणी गेलात तर आई-बाबांना रात्रभराच्या प्रवासानंतर स्वागतकक्षात बसवून ठेवावं लागेल. चोवीस तासांचा हिशेब असलेल्या जुन्या लॉजमध्ये ज्या वेळी शिराल तिथून दिवस मोजतात. रेल्वेनं येणाऱ्या कुटुंबासाठी हीच पद्धत सोयीची. सहा जणांना एक मोठी खोली की दोन लहान, असं विचारलंत तर दोन लहान, एकाच मजल्यावर. बाबांना झोप हवी, मुलांना दंगा.

आगाऊ पैसे भरताना जपा. इंटरनेटवर हॉटेलच्या नावाखाली भलत्याचेच नंबर टाकलेले असतात. कुणी वैयक्तिक खात्यावर सगळी रक्कम आधी मागितली तर थांबा. शक्य असेल तर दादर-परळला असलेल्या ओळखीच्या कुणाला तरी एक चक्कर मारायला सांगा. आणि सहाही जणांची ओळखपत्रं घ्या, मुलांची सुद्धा.

आता मावशी. त्यांचं मन मोडू नका. पण सकाळी डोंबिवलीहून परळला येणं म्हणजे मुंबईतल्या सर्वांत भरलेल्या गाड्यांपैकी एकीत चढणं, आणि ते बाबांना करायला लावू नये. मावशींना हे असंच सांगा, रोज तिथून गाडी पकडणाऱ्यांच्या घरात ते लगेच कळतं. त्याऐवजी चौथ्या दिवशी सकाळी नाश्ता करून दादर सोडा. दहा-अकराच्या सुमाराला दादरहून कल्याणकडे जाणारी जलद गाडी उलट दिशेची असते, सामानासकट बसायला मिळेल. दुपारचं जेवण मावशीकडे, मुलांना तिथे मोकळं खेळू द्या, बाबांना वामकुक्षी. तुमची रात्रीची लातूरची गाडी सीएसएमटीहून सुटली तरी कल्याणला थांबते. तेव्हा तिकिटावर चढण्याचं स्टेशन आत्ताच बदलून कल्याण करून घ्या. मावशीच्या घरून संध्याकाळी कल्याणला जाताना मात्र लोकल नको, त्या वेळी सगळी गर्दी त्याच दिशेनं घरी निघालेली असते. दोन रिक्षा करा आणि तासभर हाताशी ठेवून निघा.